काजूच्या पाण्यात लॅकेज का थकतं?

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून आला आहे. विचारणारी मुलगी एम.एस्सी.ला आहे. थोडक्यात तो असा: "आमचा घरचा काजूबी फोडायचा छोटा कारखाना आहे. बी वाफवण्याचं, फरशी धुण्याचं आणि काजूगराची लाल साल काढतात त्या खोलीतलं असं सगळं तपकिरी पाणी एकत्र होऊन मागच्या वहाळात जातं. प्रकल्पासाठी मी मॅग्नेटाइटचे चुंबकीय नॅनोकण बनवले, त्यांवर कायटोसानचा थर दिला आणि ग्लुटाराल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनाने लॅकेज हे एंझाइम बांधलं. एबीटीएस या चाचणीच्या रसायनावर तपासलं तर उत्तम चालतं. घरच्या पाण्यात टाकलं तेव्हा मात्र पाणी निवळायच्या ऐवजी काळं पडलं, आणि तेच कण पुन्हा पुन्हा वापरताना पाचव्या फेरीपर्यंत एंझाइम जवळजवळ मेलं. काय चुकलं? आणि हे आमच्या कारखान्यात बसवता येईल का?"

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते. एंझाइमं वेगवेगळ्या आधारांवर बांधण्यात माझी वीसहून जास्त वर्षं गेली. त्यातली बरीच कोकणातल्या सांडपाण्याच्या टाक्यांपाशी गेली. प्रयोग फसला असं मनात आणू नकोस. पाणी काळं पडण्याचं कारण एक आणि एंझाइम थकण्याचं दुसरं. तुझं लॅकेज तर जे करायला जन्मलंय तेच करत होतं.

थकण्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

लॅकेज पहिल्यांदा सापडलं ते एका झाडाच्या चिकात. योशिदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये तिकडच्या रोगणाच्या झाडाचा चीक अभ्यासला आणि तो वाळून कडक होतो तो त्यातल्या एका एंझाइमसारख्या पदार्थामुळे, हे दाखवलं. पुढे दहाबारा वर्षांनी गॅब्रिएल बर्ट्रांड या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला लॅकेज हे नाव दिलं. आता हे झाड कुठल्या कुळातलं? आपल्या आंब्याच्या, काजूच्या आणि बिब्ब्याच्या कुळातलं. आंबे उतरवताना देठाचा चीक अंगावर उडाला की कातडी भाजते आणि डाग काळा पडतो, हे तुला मी सांगायला नको. त्या जपानी चिकात उरुशिऑल नावाचं फिनॉल (बेंझीनच्या कड्याला हायड्रॉक्सिल गट लागलेलं संयुग) असतं. त्याला पंधरा-सतरा कार्बनची लांब शेपटी असते. काजूच्या टरफलातल्या तेलात कार्डानॉल असतं, तेही फिनॉलच आणि त्यालाही पंधरा कार्बनची शेपटी. सख्खी नसली तरी ही चुलत भावंडं आहेत.

जपानी कारागीर लाकडी वाटीवर हा चीक पातळ फासतो आणि दमट, उबदार जागी ठेवतो. लॅकेज हवेतला ऑक्सिजन घेऊन फिनॉलचे रेणू एकमेकांना जोडत जातं आणि त्यातून न विरघळणारा, पाण्याला दाद न देणारा टणक थर तयार होतो. (आपल्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची लाख वेगळी, ती कीटकाची.) होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची आपल्याकडची रीत आहे, तिचाही हेतू असाच एक थर चढवण्याचा.

तुझ्या बाटलीत हेच घडत होतं. कणावर बसलेलं लॅकेज पाण्यातली फिनॉलं जोडत होतं. जोडलेला गठ्ठा मोठा होऊन पाण्याबाहेर पडतो, आणि तो बसणार कुठे? जिथे तयार झाला तिथेच, कणावर. दर फेरीला रोगणाचा एक हात. पाचव्या फेरीला एंझाइम बहुधा जिवंत असतं, पण रोगणाखाली गाडलेलं असतं. त्याच्यापर्यंत ना फिनॉल पोचतं ना ऑक्सिजन.

हे तपासायला सोपं आहे. थकलेले कण दोन भागांत वाट. एक भाग नुसत्या बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धू. दुसरा भाग बफरमध्ये थोडं मेथॅनॉल घालून, थंडगार ठेवून पाच मिनिटं हलव आणि मग बफरने धू. मेथॅनॉल दहा-वीस टक्क्यांपेक्षा जास्त नको. दुसऱ्या भागाची ताकद थोडी तरी परत आली आणि धुण्याचं पाणी तपकिरी झालं, तर एंझाइम झाकलं गेलं होतं. काहीच परत आलं नाही तर ते निसटलं, मोडलं किंवा थर इतका जुळलेला आहे की सुटतच नाही. बांधणी चांगली असेल तर निसटण्याची शक्यता मी शेवटी धरीन.

आता काळं पाणी. घरी विळीवर कच्चं केळं किंवा केळफूल चिरलं की पातं आणि हात काळे होतात. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस उकळून शाई करत. दोन्हींत टॅनिन आणि लोह एकत्र येतात आणि निळा-काळा रंग धरतो. काजूगराच्या लाल सालीत टॅनिन आणि कॅटेचिन भरपूर. तुझ्या बाटलीतलं लोह कुठून आलं? तुझ्याच कणांतून. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचा ऑक्साइड. साध्या पाण्यात तो टिकतो, पण आम्लात हळूहळू विरघळतो आणि टॅनिन तर लोहाला धरून ओढूनच काढतं. लॅकेजला आवडतो म्हणून तू साडेचारच्या आसपासचा पीएच ठेवला असणार. कायटोसानची गंमत अशी की ते पातळ ॲसिटिक आम्लात विरघळतं, किंबहुना विरघळवूनच आपण ते वापरतो. ग्लुटाराल्डिहाइडने नीट जुळलं नसेल तर त्याच पीएचला तुझा थर फुगतो, काही भाग सुटतो आणि आतलं मॅग्नेटाइट उघडं पडतं.

काळा रंग कशाचा हे ठरवायला काळ्या पाण्यात ऑक्झॅलिक आम्लाचे थेंब टाक. लोह-टॅनिनची शाई असेल तर ऑक्झॅलेट लोहाला आपल्याकडे खेचतं आणि काळेपणा झपाट्याने उतरतो. कपड्यावरचे शाईचे डाग असेच काढतात. रंग तपकिरीच राहिला तर तो लॅकेजने जोडलेल्या फिनॉलचा, म्हणजे कापून ठेवलेलं सफरचंद तपकिरी पडतं त्या जातीचा. बहुधा तुला दोन्ही मिळतील. आणि एंझाइम न बांधलेले, नुसते कायटोसान चढवलेले कण त्याच पाण्यात ठेवून बघ. त्यांनीही पाणी काळं केलं तर लॅकेजवरचा आरोप तिथेच मिटला.

यावर माझा उपाय असा की मॅग्नेटाइटवर आधी सिलिकाचं कवच चढव. श्टोबर आणि सहकाऱ्यांची १९६८ची पद्धत आहे: अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात अमोनिया आणि टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट. ते घाईने ओतू नकोस, थेंबाथेंबाने घाल, नाहीतर कणांवर बसण्याऐवजी सिलिकाच्या वेगळ्या गोळ्या तयार होतात. मग अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सिसिलेनने अमीन (नायट्रोजन असलेले) गट आण आणि त्यांवर ग्लुटाराल्डिहाइड. सिलिका आम्ल सोसते, लोह झाकते. तिला चुंबकत्व नसल्याने ग्रॅममागे ओढ थोडी घटते, पण हा सौदा मी दरवेळी पत्करीन.

कायटोसान मात्र फेकू नकोस. कोळंबीच्या सालांतून निघणारी ही वस्तू आपल्या किनाऱ्यावरच्या कचऱ्यातून मिळते, आणि तुझ्या कामात तिची खरी जागा दुसरीच आहे. ती पुढे सांगते.

कण बनवण्याबद्दल तू फारसं लिहिलं नाहीस, म्हणून माझं प्रमाण देते. मासार्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये दिलेली सहअवक्षेपणाची रीत अजूनही सगळ्यात सोपी आहे. १०० मिलिलिटर पाणी आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजनमुक्त कर. त्यात फेरिक क्लोराइडचं हेक्झाहायड्रेट ५.४ ग्रॅम आणि फेरस क्लोराइडचं टेट्राहायड्रेट २ ग्रॅम. म्हणजे दोनास एक हे मोलचं प्रमाण झालं. सत्तर-ऐंशी अंशांवर जोरात ढवळत २५ टक्के अमोनियाचे १५ मिलिलिटर घाल. क्षणात काळंभोर होतं. सगळं जमलं तर साधारण २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळतं. रंग तपकिरीकडे झुकला तर हवा लागली आणि काही भाग मॅगहेमाइट (लोहाचाच दुसरा चुंबकीय ऑक्साइड) झाला असं समज. काम त्यानेही चालतं, पण कारण माहीत असावं. फेरस क्लोराइडची बाटली जुनी, पिवळट झालेली असेल तर ती वापरूच नकोस. क्लोराइड जाईपर्यंत चुंबकावर धरून धुवायला मात्र कंटाळायचं नाही. क्लोराइडबद्दल पुढे बोलायचंच आहे.

असे कण साधारण दहा नॅनोमीटरचे असतात. लॅकेजचा रेणू स्वतःच पाच-सात नॅनोमीटरचा, त्यामुळे एका सुट्या कणावर फार तर मोजके रेणू मावतात. तरी एका ग्रॅमचा पृष्ठभाग हिशेबाने ११५ चौरस मीटरच्या आसपास येतो, कबड्डीच्या मैदानापेक्षा थोडा कमी. लहानपणी मी रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर दोरीला लोहचुंबक बांधून काळ्या वाळूतून ओढत असे. त्या वाळूत इल्मेनाइट भरपूर, पण साध्या चुंबकाला दाढीसारखे लोंबतात ते मॅग्नेटाइटचे दाणे. एक विद्यार्थी मला म्हणाला, मॅडम, ही वाळू फुकट आहे, हिच्यावरच एंझाइम बांधू. आम्ही हिशेब केला. शंभर मायक्रॉनच्या दाण्यांच्या एका ग्रॅमला पृष्ठभाग मिळतो ११५ चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डापेक्षाही कमी! दाणा दहा हजारपट मोठा, की जागा दहा हजारपट कमी.

पण त्या मुलाच्या बोलण्यात तथ्य होतं. वाळू चुंबकाला सहज धरता येते. दहा नॅनोमीटरचा खराखुरा सुटा कण पाण्यातल्या रेणूंच्या धक्क्यांनी इतका भरकटतो की हातातला चुंबक त्याला धड ओढूच शकत नाही. तुझे कण मिनिटभरात बाटलीच्या भिंतीला लागत असतील तर ते एकेकटे नाहीत, त्यांचे घोस झालेले आहेत, आणि सांडपाण्यासाठी ते चांगलंच आहे. आतले कण बारीक असल्याने चुंबक दूर केला की घोसात चुंबकत्व उरत नाही, ते पुन्हा पाण्यात पसरतात. बाहेरून घोस मोठा असल्याने हाती लागतो. मायक्रॉनच्या आसपासचे घोस मी पसंत करते. शोधनिबंधात लहान कणांचे आकडे देखणे दिसतात, वहाळाच्या कडेला मात्र जो कण परत मिळतो तोच कामाचा.

बांधणीबद्दल तीनच गोष्टी सांगते, कारण बाकी तुला जमलेलं आहे. ट्रिस बफर वापरू नकोस. त्यात अमीन गट असतो आणि तो तुझ्या एंझाइमच्या आधी ग्लुटाराल्डिहाइडला जाऊन चिकटतो. फॉस्फेट घे, पीएच सातच्या जवळ. विकत घेतलेल्या एंझाइमच्या भुकटीत किंवा द्रावणात टिकवण्यासाठी घातलेले पदार्थ असतात, म्हणून आधी डायलिसिस कर, म्हणजे बारीक पडद्यातून ते पदार्थ काढून टाक. आणि जादाचं ग्लुटाराल्डिहाइड नीट धुऊन काढ. ते विषारी आहे, एंझाइमलाही आणि तुलाही. हातमोजे घालून, धूरपेटीतच काम कर.

यानंतरचा हिशेब फार थोडे लोक प्रामाणिकपणे करतात. समजा तू १०० युनिट (एंझाइमच्या कामाचं माप) एंझाइम घातलंस आणि उरलेल्या द्रावणात व धुण्याच्या पाण्यात मिळून २० युनिट सापडलं. मग कणांवर ८० असायला हवं. प्रत्यक्ष मोजलंस आणि ३२ आलं, तर जे बांधलं गेलं त्यातलं ४० टक्केच काम करतंय. बाकीचं उलटं बसलं, दाटीत अडकलं किंवा बांधताना मोडलं. तुझ्या आलेखात पहिली फेरी म्हणजे १०० टक्के धरलेली असेल, तर हे सगळं त्या शंभरात लपून जातं. पहिल्या फेरीच्या आधीच साठ टक्के गेलेलं असताना 'पाच फेऱ्यांनंतरही ७० टक्के' असं लिहिणं बरोबर नाही. युनिटमध्ये लिही.

दुसरा हिशेब माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही कोकणातल्या एका रासायनिक वसाहतीतलं रंगाचं पाणी असंच चुंबकीय कणांवरच्या लॅकेजने नितळ केलं. दोन तासांत रंग गेला. अहवाल लिहून तयार होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी वापरलेले कण मेथॅनॉलने धुतले, तर बाटली पुन्हा निळीशार. रंग मोडला नव्हता, कणांना चिकटून बसला होता. आम्ही महिनाभर जे 'विघटन' म्हणून मोजत होतो ते बहुतांशी शोषण होतं. तेव्हापासून माझ्या गटात नियम आहे: जिवंत एंझाइमच्या कणांशेजारी त्याच बांधणीचे, उकळत्या पाण्यात ठेवून एंझाइम मारलेले कण चालवायचे. दोन्हींतला फरक तेवढंच एंझाइमचं काम. मेलेल्या कणांनी अर्धा रंग खाल्ला तर तो अर्धा शोषणाचा. कायटोसान आम्लधर्मी रंगांना आणि फिनॉलांना चांगलंच धरतं, म्हणून तुझ्या बाबतीत हे करायलाच हवं. काही जण लॅकेज थांबवायला सोडियम अझाइड वापरतात. तू वापरू नकोस, ते जहाल विष आहे आणि आम्लात त्यातून विषारी वायू सुटतो.

त्याच वसाहतीत आम्ही दुसऱ्यांदाही अडखळलो. मुंबईत नळाच्या पाण्यात रंग विरघळवून केलेलं सगळं छान चालायचं, जागेवरच्या पाण्यात एंझाइम पहिल्याच फेरीला मंद. कापड रंगवताना मीठ घालतात, ते सगळं सांडपाण्यात येतं. लॅकेजच्या गाभ्यात तांब्याचे चार अणू असतात. क्लोराइड त्यांच्यापाशी जाऊन बसतं आणि ऑक्सिजनकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वाट अडवतं. आम्ल पाण्यात हा त्रास जास्त. कुठलं लॅकेज किती मीठ सोसतं हे ते कुठल्या बुरशीचं किंवा जिवाणूचं आहे त्यावर ठरतं, पण नेहमीच्या बुरशीच्या लॅकेजला लिटरला काही ग्रॅम मीठही जाणवतं.

तू खाडीकाठची. तुमची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते का? समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. त्याचा दहावा हिस्सा जरी विहिरीत शिरला तरी लिटरला १.९ ग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या २५० मिलिग्रॅमच्या साडेसातपट. जुलैचं पाणी आणि मेचं पाणी ही तुझ्या एंझाइमसाठी दोन वेगळी पाणी आहेत. मोर यांची सिल्व्हर नायट्रेटची जुनी पद्धत कुठल्याही महाविद्यालयात करता येते. फक्त ती विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर कर, तपकिरी पाण्यात क्रोमेटचा विटकरी रंग ओळखू येणार नाही. आणि आणखी दोन जागा तपास: पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलंस का? बफर म्हणून मीठ घातलेलं फॉस्फेट सलाइन घेतलंस का? त्यात लिटरला आठ ग्रॅम मीठ असतं. तसं असेल तर विहिरीचा दोष नाही, क्लोराइड तू स्वतः घातलंस. पीएचला ॲसिटिक किंवा सल्फ्युरिक आम्ल घे.

मीठ सोसणारी लॅकेजं आहेत. काही जिवाणूंची लॅकेजं खारट आणि कमी आम्ल पाण्यातही बरी चालतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत खारफुटीच्या कुजक्या लाकडावरची बुरशी घेऊन तिचं लॅकेज रंगीत सांडपाण्यावर वापरण्याचं काम झालेलं आहे. राजापूरच्या खाडीत खारफुटी तुझ्या दारात आहे. पुढे पीएच.डी. करायची असेल तर विषय तिथे पडलाय.

एबीटीएसवर उत्तम चालतं म्हणालीस, तर तोही भरवसा थोडा कमी कर. एबीटीएस पाण्यात चटकन विरघळतं, लॅकेजला अगदी सहज मिळतं आणि हिरवा रंग देऊन मोकळं होतं. कार्डानॉलच्या तेलकट शेपटीमुळे ते पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. ते थेंबांच्या रूपात तरंगतं, कणांना तेलासारखं माखतं. एबीटीएसने एंझाइम जिवंत आहे एवढंच कळतं, तुमच्या पाण्यात ते काम करील का हे कळत नाही. एंझाइमची रोजची तपासणी एबीटीएसवर कर आणि खरा निकाल फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मकाने मोजलेल्या एकूण फिनॉलवर व सीओडीवर (रासायनिक ऑक्सिजन मागणी, पाण्यातल्या घाणीचं माप) दे.

एक बारीक पण घातक गोष्ट राहिली: ऑक्सिजन. लॅकेज चार फिनॉल रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू खातं. तीस अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तेवढा साध्या फिनॉलच्या ऐंशी-नव्वद मिलिग्रॅमला कसाबसा पुरतो. तुमच्या पाण्यात फिनॉल त्याहून कितीतरी जास्त असणार. बाटली गळ्यापर्यंत भरून झाकण लावलं असशील तर एंझाइम श्वास कोंडून बसलं होतं. बाटली एक पंचमांशच भर, तोंडाला कापूस लाव आणि शेकरवर ठेव, नाहीतर मत्स्यालयाचा छोटा पंप लाव.

आता कायटोसानची खरी जागा. लॅकेज फिनॉलपासून क्विनोनं नावाची चटकन चिकटणारी संयुगं बनवतं, आणि क्विनोनं अमीन गटांना धरतात. कायटोसान म्हणजे अमीन गटांची खाणच. ते कणावर चढवलं तर ही चिकट मंडळी एंझाइमच्या उशालाच गोळा होतात. त्याऐवजी कण सिलिकाचे ठेव आणि जुळवलेल्या कायटोसानचे वेगळे, चुंबकाला न लागणारे जाडसर तुकडे पाण्यात सोड. कण क्विनोनं बनवतील, तुकडे ती उचलतील. चुंबकाने कण काढ, फडक्याने तुकडे गाळ. सोबत थोडं पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालून बघ. पेरॉक्सिडेज या दुसऱ्या एंझाइमने फिनॉल काढताना ते जोडलेल्या गठ्ठ्यांना स्वतःकडे ओढून एंझाइमला वाचवतं हे माहीत आहे, आणि लॅकेजलाही त्याचा उपयोग होऊ शकतो. फक्त ते स्वतः सीओडी वाढवतं, म्हणून कमीत कमी घाल आणि त्याचा ब्लँक, म्हणजे नुसत्या त्याच्या द्रावणाचा आकडा, वेगळा मोज.

कुणी तुला पेरॉक्सिडेज आणि हायड्रोजन पेरॉक्साइडकडे वळ असं सांगेल. क्लिबानॉव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्येच हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजने पाण्यातली फिनॉलं काढून दाखवली होती, रस्ता चांगला आहे. पण चुंबकीय कणांवर सावध राहा: मॅग्नेटाइट स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं, हे चीनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. उघडे कण आणि पेरॉक्साइड एवढ्यानेही रंग बदलतो, आणि श्रेय भलत्यालाच जातं.

राहिला कारखाना. तुझ्या वडिलांनी विचारलं तर स्पष्ट सांग: आत्ता नाही. समजा दिवसाला ५०० लिटर पाणी आहे आणि लिटरला एक ग्रॅम कण लागतात. चुंबकाने दरवेळी ९९ टक्के कण परत मिळाले, तरी रोज ५ ग्रॅम निसटतील. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दीड किलो. तो दीड किलो वहाळातून खाडीत जाणार. खाडीत कालवं आहेत, तिसऱ्या आहेत. ती पाणी गाळूनच जगतात आणि ती आपल्याच ताटात येतात. आपल्या जांभ्यात लोह भरपूर आहे हे खरं, पण ग्लुटाराल्डिहाइडने जोडलेला, फिनॉलचं रोगण चढलेला कण म्हणजे जांभ्याची माती नव्हे. म्हणून प्रकल्पातसुद्धा चुंबकानंतर उरलेल्या पाण्यातलं लोह फिनँथ्रोलिनने रंग आणून ५१० नॅनोमीटरला मोज आणि आकडा प्रबंधात लिही. फार थोडे जण लिहितात, तू लिही.

कारखान्यात आधी पाणी वेगळं करा. वाफवण्याचं तेलकट पाणी, सालीच्या खोलीचं टॅनिनचं पाणी आणि नुसतं फरशीचं पाणी एकाच नाल्यात का जावं? लाल साल पाण्याने धुऊन टाकायच्या आधी कोरडी झाडून पोत्यात भरा, टॅनिनसाठी तिला गिऱ्हाईकही असतं. तेलकट पाण्याला तेल तरंगून अडेल असं तीन खणांचं टाकं बांधा. मग चुना आणि तुरटी देऊन गाळ बसवा. नंतर हवा देऊन जिवाणूंकडून उरलेलं खाऊन घ्या. काजूच्या हंगामातलं सगळ्यात वाईट पाणी एवढ्यानेच बरंच सुधारतं. जिवाणूंनाही न पचलेलं फिनॉल शेवटी उरतं. ते कमी असतं, तेल गेलेलं असतं, टॅनिन बरंचसं चुन्याबरोबर खाली बसलेलं असतं. तुझे कण त्या पाण्यात चालवून बघ. रोगण कमी चढेल, शाई कमी धरेल आणि फेऱ्या वाढतील. माझ्या मते या तंत्राची जागा तिथेच आहे, शेवटच्या टप्प्यावर, थोड्या पाण्यात, थोड्या पण चिवट प्रदूषकावर. प्लॅस्टिकमधल्या बिस्फिनॉलवर किंवा डायक्लोफेनॅकसारख्या औषधांच्या अंशांवर लॅकेज म्हणूनच वापरून पाहतात.

कण वाळवून ठेवू नकोस, एकदा वाळले की घोस दगडासारखे होतात. बफरमध्ये, फ्रिजमध्ये, बर्फ होऊ न देता ठेव. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा बाटली थर्मासमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवली तरी दिवसभर निभावतं.

या आठवड्यात चार बाटल्या लाव: नुसतं पाणी, एंझाइम न बांधलेले कण, मारलेल्या एंझाइमचे कण, जिवंत एंझाइमचे कण. चारीत तेच पाणी, तोच पीएच, तोंडाला कापूस. दोन तासांनी चारींतून थोडं थोडं काढून त्यात ऑक्झॅलिक आम्ल टाक आणि फोटो काढून ठेव. विहिरीच्या पाण्याचं क्लोराइड आत्ता एकदा मोज आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा. आकडे आले की मला लिही, कवच किती जाड लागेल ते त्यावरून सांगते.